हॅरोल्ड गिलीज

सर हॅरोल्ड डेल्फ गिलीज (१७ जून, १८८२ – १० सप्टेंबर, १९६०) हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले व इंग्लंडमध्ये कार्य केलेले शल्यचिकित्सक होते. त्यांना आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानले जाते.

ड्युनेडिन येथे जन्मलेले गिलीज केंब्रिज व लंडन येथे शिकून कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक झाले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला गेले. तेथील जबड्यांवरील उपचार पाहून परतल्यावर १९१६ मध्ये त्यांनी अल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात चेहऱ्याच्या जखमांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. सोमच्या लढाईनंतर तो अपुरा पडला व १९१७ मध्ये सिडकप येथे क्वीन्स हॉस्पिटल उघडले. तेथे ५,००० हून अधिक सैनिकांवर सुमारे ११,००० शस्त्रक्रिया झाल्या.

चेहरा एका बाजूस ओढला गेलेला दिसला, तरी त्यातले नेमके काय नष्ट झाले आहे, हे वरवर पाहून कळत नाही. भरलेली जखम आक्रसते आणि ओठ, पापणी किंवा गाल जागेवरून सरकवते. म्हणून गिलीज प्रथम व्रण सोडवून शाबूत भाग मूळ जागी नेत. मगच खरी उणीव उघडी पडे. आधी आतले अस्तर, मग हाडाचा आधार आणि शेवटी बाहेरची त्वचा, अशी त्यांची मांडणी असे. निदानासाठी चेहऱ्याचे प्लास्टरचे साचे व चित्रकार हेन्री टाँक्स यांची रेखाटने वापरली जात. नाकासाठी ते कपाळाची त्वचा वळवत. ही रीत मूळची भारतीय. पुणे परिसरातील अशा शस्त्रक्रियेचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आले होते.

घाईची किंमत मोठी होती. भाजलेल्या वैमानिक राल्फ लमली यांच्या जवळजवळ संपूर्ण चेहऱ्यावर छातीची त्वचा एकदम बसवण्याचा प्रयत्न फसला. जंतुसंसर्ग होऊन १९१८ मध्ये लमली मरण पावले. गिलीज यांनी आपल्या १९२० च्या ग्रंथात हे अपयश झाकले नाही. यानंतर टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया करण्यावर त्यांचा कटाक्ष राहिला.

त्वचेच्या पट्ट्याच्या कडा शिवून त्याची नळी करण्याची युक्ती त्यांनी १९१७ मध्ये योजली. त्यामुळे कच्ची बाजू आत झाकली जाई, जंतुसंसर्ग टळे आणि रक्तपुरवठाही टिके. ओडेसाचे व्लादिमिर फिलातोव्ह यांनी ती स्वतंत्रपणे आधीच शोधली होती.

१९३० मध्ये त्यांना नाइटहुड मिळाले. मागे राहिलेल्या मध्य-चेहऱ्याची हाडे कापून पुढे आणण्याची शस्त्रक्रिया त्यांनी हॅरिसन यांच्यासह १९५० मध्ये प्रसिद्ध केली. पुढे फ्रान्सच्या पॉल तेसिए यांनी ती विकसित केली. गिलीज यांचे लंडन येथे निधन झाले.