कौशल्य आणि भांडवल

न्यूझीलंडचा किम न्यूकम हा मूळचा नौकांच्या इंजिनांचा जाणकार. बर्लिनमधील क्योनिग या लहानशा कारखान्यात त्याने नौकेचेच इंजिन मोटरसायकलला जोडले. यंत्र घडविणारा, दुरुस्त करणारा आणि स्वारही तोच. १९७३ साली त्याने युगोस्लाव्हियातील ५०० सीसी शर्यत जिंकली. ऑगस्टमध्ये सिल्व्हरस्टोन येथील अपघाताने त्याचा बळी घेतला. तरीही वर्षाखेरच्या जागतिक क्रमवारीत तो बलाढ्य एमव्ही अगुस्ता कारखान्याच्या फिल रीडखालोखाल दुसरा ठरला. त्याच कारखान्याचा अगोस्तिनी मागे राहिला. भांडवलाची उणीव कौशल्याने भरून निघाली. परंतु धोक्याचा मार्ग नाकारण्याची मुभा त्या काळी धनाढ्य संघांनाच होती. शर्यतीत उतरण्याच्या मानधनावर गुजराण करणाऱ्या स्वारांना ती परवडत नसे. क्रमवारीत ही विषमता नोंदली जात नाही.