संगतीचा गुण अंगाला कसा लागतो : श्रीगाडगेबाबांच्या चरित्रावरून



वारीच्या वाटेवरची एक गोष्ट आपणां सर्वांच्या अनुभवाची आहे. दुपारच्या उन्हात एखादा म्हातारा पाय ओढीत चाललेला असतो. तेवढ्यात दिंडीत टाळ घुमू लागतात, शेजारच्याचे पाऊल ठेक्यावर पडू लागते, आणि बघता बघता म्हाताऱ्याचेही पाऊल उचलते. त्याला कोणी सांगितलेले नसते. तसेच एकाने जांभई दिली की चौघे देतात. एक बाई रडू लागली की कारण ठाऊक नसतानाही शेजारणीचे डोळे भरून येतात. संगतीचा गुण मनाला लागतो असे आपण म्हणतो; पण खरे पाहता तो पुष्कळदा आधी अंगाला लागतो आणि मग मनात उतरतो.

हल्लीच्या शास्त्रज्ञांनीही याचा तपास केला आहे. स्वीडन देशात २०१३ साली एकत्र गाणाऱ्या मंडळींची तपासणी झाली. तेव्हा असे दिसले की, एका चालीवर गाताना सगळे एकाच वेळी श्वास घेतात व सोडतात, आणि त्यामुळे त्यांच्या हृदयाचे ठोकेही बरोबरीने जलद व मंद होतात. भजनात बसणाऱ्याला याचे फारसे नवल वाटणार नाही.

मात्र हा गुण जसा चांगल्याचा लागतो तसा वाइटाचाही लागतो. हे मर्म ज्यांनी लहानपणीच सोसले आणि पुढे जन्मभर लोकांच्या कल्याणासाठी वापरले, त्या श्रीगाडगेबाबांचे चरित्र या दृष्टीने पाहू.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुळात त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. त्या काळी देवाच्या नावाने बकरे कापायचे आणि पंगतीला दारू वाढायची, अशी चालच होती. दहा जण पेला उचलतात तिथे अकराव्याचा हात मागे राहणे फार कठीण. झिंगराजींचा संसार असाच बुडाला आणि १८८४ साली ते वारले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा. आई सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूरकडे दापुऱ्यास आपल्या माहेरी गेली. तिथे डेबूने गुरे राखली, शेती केली आणि पोरे जमवून भजनेही केली.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. पुढे मुलीच्या बारशाला भाऊबंद जमले ते दारू-मटणाच्या आशेने. डेबूजींनी पानावर वाढले गोड जेवण. मंडळी रागावली, कुरकुरली. वडिलांना ज्या पंगतीने ओढून नेले, त्याच पंगतीत मुलगा हात आवरून बसला. चार जणांचे रागावलेले चेहरे समोर असताना आपण शांत राहणे ही सोपी गोष्ट नव्हे. ज्याने ते केले असेल त्यालाच ठाऊक.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, डोक्याला गाडग्याचे खापर, हातात काठी. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. बारा वर्षे ते असेच हिंडले.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून तीर्थ आहे. पौषात तिथे यात्रा भरते. नदीला उतरायला धड वाट नव्हती. बायाबापड्या चिखलात घसरून पडत. बाबांनी कोणाला उपदेश केला नाही की वर्गणी मागितली नाही. ते फावडे घेऊन माती ओढू लागले. पहिल्यांदा लोक नुसते पाहत राहिले. मग एकाने टोपले उचलले, दुसऱ्याने दगड उचलला, आणि वाट झाली. पुढे १९०८ साली तिथे घाटही बांधला गेला.

बाबांची पुढची सारी रीत यातच आली. ज्या गावी रात्री कीर्तन असे, तिथे ते दिवसा खराटा घेऊन रस्ते झाडीत. ही कोण असामी म्हणून लोक जमत. थोडा वेळ उभे राहत, आणि मग राहवेना. झाडणाऱ्यासमोर हात बांधून उभे राहणे अंगालाच जड जाते. कोणी झाडू आणी, कोणी पाणी शिंपडी. संध्याकाळपर्यंत गाव लख्ख.

रात्री कीर्तन. बाबांना अक्षरओळख नव्हती. वऱ्हाडी बोलीत ते लोकांना प्रश्न विचारीत आणि हजारोंच्या मुखातून एकदम उत्तर येई. नामाचा गजर सुरू झाला की सावकार आणि गडी एकाच ठेक्यावर टाळी वाजवीत. आता हसवले, आता रडवले. आणि त्या ओल्या मनात मग दारू सोडा, मुके जीव मारू नका, कर्ज काढून सण करू नका, शिवाशीव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, हे बी पेरायचे.

पण इथेच एक धोका असतो. लोकांचा हेलावा ज्याच्याभोवती उठतो, त्याच्याच पायांवर तो जाऊन आदळतो. एक वाकला की शंभर वाकतात. बाबा हे जाणून होते. ते कोणाला पाया पडू देत नसत. कोणी वाकलाच तर काठी उगारीत. आणि कीर्तन संपता संपता, लोक भानावर येण्याच्या आत, अंधारात निघून जात. लोकांची ऊर्मी कामाला लागावी, आपल्या पूजेला नव्हे, हा त्यांचा कटाक्ष होता.

यात त्यांची मोठी कसोटी १९२३ साली लागली. कोकणात खारेपाटणला त्यांचे कीर्तन होते. तिथेच एकुलता मुलगा गोविंद पिसाळलेले कुत्रे चावून गेल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. काळजाला पीळ पडला नसेल असे कोण म्हणेल? पण समोर बसलेल्या आयाबाया आपापली दुःखे घेऊन आलेल्या. कीर्तनकाराचा गळा दाटला असता तर सारी सभा ओक्साबोक्शी रडली असती आणि तशीच घरी गेली असती. आपले दुःख त्यांनी आपल्यापाशी ठेवले आणि लोकांना नाम दिले. दुःख करू नये असा याचा अर्थ नव्हे. आपला चेहरा हजारांच्या अंगात उतरतो, याची जाण ज्याला आहे त्याने केलेले ते तप होते.

पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरीची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना कुठे थारा नव्हता त्यांच्यासाठी. स्वतः मात्र ते पंढरीत राऊळापेक्षा वाळवंट झाडण्यात रमत. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईस वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण आहे; ते आजही ऐकावयास मिळते. ऐकणाऱ्याची टाळी आपोआप वाजू लागते. त्याच वर्षी २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी देह ठेवला.

तर मंडळी, या चरित्रातून वारीला निघताना काय घ्यावे? दिंडीत आपण कपाळाला आठ्या घालून चाललो तर त्या आठ्या आपल्या एकट्याच्या राहत नाहीत. दर्शनबारीत एकाने रेटा दिला की तो शेवटच्या माणसापर्यंत पोचतो, आणि मध्ये एखादी लेकुरवाळी चेंगरते. तोच जर एक जण पाय रोवून शांत उभा राहिला, तर त्याच्या मागचाही जरा थांबतो. मुक्कामाची जागा सोडताना एकाने आपली पत्रावळ उचलली की शेजाऱ्याला आपली टाकून जाणे अवघड होते.

कोणाला दोष देण्याचे कारण नाही, कोणाला शिकवण्याचेही नाही. पुढच्या मुक्कामावर खराटा दिसला तर तो हाती घ्यावा आणि आपल्या राहुटीपासून सुरुवात करावी.

रामकृष्ण हरि.