जनीच्या जात्याचा हिशेब

संतचरित्र हाती आले की मी आधी पाहतो, या घरात दळत कोण होते आणि रांधत कोण होते. बहुधा उत्तर मिळत नाही. जनाबाईच्या चरित्रात मात्र तेच सगळीकडे आहे.

गंगाखेडच्या दमा आणि करुंड यांची ही मुलगी. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. नामदेवांचे ते घर म्हणजे मोठे खटले. दळण, कांडण, पाणी, झाडलोट, शेणगोठा, सारे हिच्याकडे. ज्वारीचे पीठ साठवून चालत नाही. विरी गेली की भाकरी थापताना तुटते. म्हणून दळण रोजचे, तेही पहाटेच्या अंधारात. नामदेवांच्या कीर्तनाला जमणाऱ्यांच्या पोटात ही पहाट असे. ध्यानात किती जणांच्या असेल, देव जाणे!

देवाने ती जाणली, असे परंपरा सांगते. विठ्ठल जनीसमोर बसून जात्याचा खुंटा धरतो, तिच्या गोवऱ्या वेचतो. मला या कथेत चमत्कारापेक्षा तक्रार अधिक दिसते. जात्यावर हात लावायला घरातला एकही पुरुष सुचू नये, थेट देवालाच बोलवावे लागावे! पुढे देवाचे पदक हरवले तेव्हा आळही या मोलकरणीवरच आला. तिला सुळावर द्यायला नेले आणि सुळाचे पाणी झाले, अशी कथा आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात गोरोबाकाकांचे तेर आहे. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली ती इथेच, असे मानतात. या भागातल्या बायकांनी दळताना ओव्यांत जनीलाच सोबतीला घेतले. गिरण्या आल्या, ओव्या विरल्या, पण हिशेब तोच राहिला. पीककर्जाच्या कागदांवर मी वर्षानुवर्षे सह्या केल्या. खुरपणारी, कापणी करणारी बाई, सातबारा नवऱ्याचा, आणि तिच्या नावापुढे धंदा काय, तर घरकाम. पुढे सोयाबीन आले. पैसा आला हे खरेच, पण सोयाबीनची भाकरी होत नाही. ज्वारी, मूग, उडीद मागे हटले आणि घरच्या धान्याची कणगी रिकामी पडू लागली. १९९३ च्या भूकंपानंतर इथे उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या बायकांनी म्हणून घरच्यांकडे एक एकर मागून घेतला. त्यात ज्वारी, डाळी, भाजीपाला. काय पेरायचे आणि किती घरात ठेवायचे, ते त्या ठरवतात.

जनाबाईच्या नावावर जमीन नव्हती. नामदेव गाथेत तिच्या नावाचे साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. १३५० मध्ये नामदेवांबरोबरच तिने देह ठेवला असे मानतात. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे म्हणून एक जाते दाखवतात.