फाळके यांचा घरचा कारखाना: भारतीय सिनेमा एका यंत्रवेड्या नाशिककराच्या हातून कसा घडला?

दादासाहेब फाळके म्हटले की ‘राजा हरिश्चंद्र’ आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार आठवतो. पण हा चित्रपट एखाद्या कंपनीच्या स्टुडिओत तयार झाला नव्हता. दादरच्या एका बिऱ्हाडात, विलायतेहून आणलेल्या मोजक्या यंत्रांवर, नवरा-बायको आणि मुलांनी मिळून तो घडवला. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांच्या घरातला मुलगा यंत्रांच्या नादी कसा लागला, त्या घरगुती कारखान्यात नेमके काय चालायचे आणि त्याच हातांना पुढे सिनेमाच्या धंद्यात जागा का उरली नाही, हे समजून घेऊ या.

यंत्रांचा नाद कुठून लागला?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराज यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे बडोद्याला गेल्यावर कलाभवन या संस्थेत त्यांचे खरे शिक्षण झाले. तेथे चित्रकलेबरोबर उद्योगांना लागणारी कौशल्ये शिकवली जात. तैलचित्रे, वास्तुकला, मातीकाम आणि छायाचित्रण ते तिथे शिकले. हाताशी कॅमेरा आल्यावर फोटो काढणे, काचा धुणे, छपाई करणे हे सगळे ते स्वतःच करू लागले. कलाभवनचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी त्यांना तीन रंगांचे ब्लॉक तयार करण्याचे तंत्र शिकण्यासाठी रतलामला पाठवले.

पोटापाण्याचे गणित मात्र जुळत नव्हते. गोध्रा येथे त्यांनी फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेले. कॅमेरा माणसाचे आयुष्य ओढून घेतो, अशा समजुतीमुळे गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटकांचे पडदे रंगवणे झाले, जादूचे प्रयोग झाले. आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते रंगमंचावर उभे राहत. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी गिरिजा करंदीकर लग्नानंतर सरस्वतीबाई झाल्या.

१९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली. तीन वर्षांत ती सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी लागणारे शिळाछपाईचे काम तिथे चाले. पुढे भागीदार मिळाला, छापखाना दादरला आला आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. रंगीत छपाईची यंत्रे पारखून आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा वाढला, पण भागीदारांशी पटेना. अखेर एक पैसाही न घेता ते बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, हातात कसबे भरपूर आणि उत्पन्न शून्य, अशी तेव्हा त्यांची अवस्था होती.

सिनेमाच का?

१९११ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमारास, गिरगावच्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. राम-कृष्णांच्या कथाही अशाच पडद्यावर आणता येतील, या विचाराने त्यांची झोप उडाली.

पण या विचारानंतर त्यांनी आधी भांडवलदार किंवा नट शोधले नाहीत. एक लहानसे यंत्र आणि काही रिळे विकत आणली आणि मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडून ती हलतात कशी, हे ते पाहत बसले. दिवसाचे चार-पाच तास सिनेमा पाहायचा, उरलेला वेळ वाचायचे आणि प्रयोग करायचे, झोप जेमतेम तीन तास. याचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने दृष्टी परत आली. ती येताच काम पुन्हा सुरू झाले.

यंत्रे आली कुठून आणि पैसे कुठून?

फाळके यांनी आपल्या विमा पॉलिसी गहाण ठेवल्या आणि दहा हजार रुपये उभे केले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीने लंडनला निघाले. तिथे सिनेमाविषयक साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील आपला स्टुडिओ उघडून दाखवला. फाळके यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. शिवाय कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवले.

या कॅमेऱ्याचीही एक गंमत आहे. तो ज्यांच्या नावाचा, ते जेम्स विल्यमसन मुळात इंग्लंडमधील होव्ह गावचे औषधविक्रेते. दुकान चालवता चालवता त्यांनी छंद म्हणून छायाचित्रण केले, मग चित्रपट काढले आणि शेवटी सिनेमाची यंत्रे बनवण्याचा धंदा उभारला. तेव्हा सिनेमा जगभरच कारागिरांच्या हातात होता. हेपवर्थ, विल्यमसन, फाळके ही सगळी स्वतः स्क्रू पिळणारी माणसे.

१ एप्रिल १९१२ रोजी फाळके परतले. दादर मेन रोडवरील ‘मथुरा भवन’मध्ये बिऱ्हाड होते. आवारात काचेची खोली उभी राहिली. फिल्म धुण्यासाठी अंधारखोली तयार झाली. मे महिन्यात यंत्रे पोहोचली. सोबत आलेल्या आराखड्याच्या आधारे फाळके यांनी चार दिवसांत ती जोडून चालू केली.

या घरच्या कारखान्यात नेमके काय चालायचे?

आज मोबाइलवर बोट टेकले की व्हिडिओ तयार होतो. तेव्हा प्रत्येक टप्पा हाताचा होता.

छिद्रे पाडणे: कच्ची फिल्म म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीची लांबलचक कोरी पट्टी. तिच्या दोन्ही कडांना समान अंतरावर छिद्रे असल्याशिवाय कॅमेऱ्याचे दाते तिला धरू शकत नाहीत. एका चित्रामागे प्रत्येक कडेला चार छिद्रे. अंतर केसभर चुकले तरी पडद्यावर चित्र थरथरते किंवा पट्टी फाटते. उजेड लागला तर फिल्म वाया जाते. त्यामुळे हे काम अंधारात, बोटांच्या अंदाजाने करायचे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. एका फुटात १६ चित्रे धरली, तर चित्रे होतात सुमारे ५९ हजार आणि छिद्रे सुमारे पावणेपाच लाख. हा हिशेब एकाच प्रतीचा झाला. वाया गेलेली फिल्म आणि निगेटिव्ह वेगळेच.

चित्रण: कॅमेऱ्याला मोटर नव्हती. हँडल हाताने फिरवायचे. त्या काळच्या कॅमेऱ्यांत सर्वसाधारणपणे एका फेऱ्यात आठ चित्रे टिपली जात आणि सेकंदाला दोन फेरे द्यावे लागत. हात संथ झाला, तर पडद्यावरची माणसे धावू लागत. हात घाईत चालला, तर ती रेंगाळत.

धुलाई आणि छपाई: चित्रण झालेली फिल्म रसायनांत बुडवायची, धुवायची, वाळवायची. निगेटिव्हवरून नवी प्रत छापायची, तीही धुवायची आणि मग तुकडे कापून जोडायचे. मुंबईच्या उन्हाळ्यात रसायनांचे तापमान सांभाळणे हीच मोठी कसरत. फिल्म ज्वालाग्राही असल्याने आगीची भीती कायम.

पहिला प्रयोग कोणता?

यंत्रे चालतात, हे स्वतःला कळून पुरेसे नव्हते. पैसे लावणाऱ्याला पटवायचे होते. त्यासाठी फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर ठेवून रोज एक चित्र टिपले. महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा जागचा हलवायचा नाही, असा हा संयमाचा खेळ. पडद्यावर मात्र बघता बघता अंकुर फुटून वेल वर चढला. हा छोटा चित्रपट पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज दिले. गोष्ट नाही, नट नाही, तरी यंत्रावरची हुकमत दिसली आणि तिच्यावरच पैसे मिळाले.

सरस्वतीबाईंचा वाटा किती?

या कारखान्यातल्या पहिल्या कामगार सरस्वतीबाई होत्या. फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे हे सगळे त्या शिकल्या. चित्रणावेळी भर उन्हात पांढरी चादर धरून त्या नटांच्या तोंडावर उजेड पाडत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. पैसे कमी पडले, तेव्हा त्यांचे दागिने कामी आले. घरातल्या माणसांनाच तंत्र शिकवण्यामागे व्यवहार होता. हे काम येणारा दुसरा माणूस देशात सहजी मिळणारा नव्हता.

मोठा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले. स्त्री भूमिकेला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले. सिनेमात काम करतो म्हटले की लोक नावे ठेवत. त्यामुळे आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत, असे सांगा, असा सल्ला फाळके यांनी मंडळींना दिला होता. तो बहाणा असला, तरी खोटा नव्हता. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या २००९ मधील चित्रपटाच्या नावामागे हीच गोष्ट आहे.

सहा महिने २७ दिवसांच्या खटपटीनंतर चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला. तो चालला.

नाशिकला काय घडले?

यश मिळताच फाळके यांनी मुंबई सोडली आणि कारखाना नाशिकला हलवला. उन्हाच्या उजेडावर चालणाऱ्या या धंद्याला गोदावरीचे घाट, देवळे, डोंगर आणि मोकळी जागा सोयीची होती. ‘मोहिनी भस्मासुर’ इथे तयार झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले आणि स्त्रियांचा पडद्यावरील वावर सुरू झाला. ‘सत्यवान सावित्री’ही इथलाच.

१९१४ मध्ये हे चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी तंत्राचे कौतुक केले, तिथेच राहून चित्रपट काढण्याची बोलणी झाली. त्यांनी नकार दिला, कारण नाशिकला त्यांची माणसे वाट पाहत होती. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला. तरीही प्रयोग थांबले नाहीत. आगकाड्या एकेक चित्रागणिक सरकवून त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. १९१७ मध्ये ‘लंका दहन’ आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांच्याच होत्या.

मग हे सगळे हातातून कसे गेले?

१ जानेवारी १९१८ रोजी पाच भागीदारांसह नाशिकला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ सुरू झाली. पैशाची चिंता मिटली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ आले. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली फाळके यांची मुलगी मंदाकिनी.

पण आता खर्चाचे आणि वेळेचे हिशेब मांडले जाऊ लागले. कॅमेरा, रंगकाम, युक्तिदृश्ये, धुलाई या प्रत्येक गोष्टीत स्वतः हात घालणाऱ्या माणसाला हे मानवणारे नव्हते. भागीदारांची बाजूही चूक म्हणता येत नाही. एकाच माणसाच्या हातावर सगळी कंपनी टांगून ठेवणे कोणत्याही धंद्याला परवडत नाही. छापखान्यासारखेच पुन्हा झाले. फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले आणि तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने ते नाशिकला परतले, पण कंपनीवरची पूर्वीची पकड आली नाही.

शेवटचा घाव यंत्रानेच घातला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि सिनेमा बोलू लागला. बोलपटाला मोटरवर चालणारा कॅमेरा, ध्वनिमुद्रणाची सामग्री आणि बंदिस्त स्टुडिओ लागतो. हे सामान चार दिवसांत घरी जोडता येणारे नव्हते. त्यांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट नंतर आवाज चढवून दाखवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये आला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. भारतीय सिनेमाच्या रौप्यमहोत्सवात व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी निधी जमला आणि नाशिकला लहानसे घर झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

आज काय पाहता येते?

त्यांच्या नावावर ९५ चित्रपट आणि २७ लघुपट सांगितले जातात. त्यातले फार थोडे उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चेही काहीच भाग उपलब्ध आहेत. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, दादरला मथुरा भवनच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

पण फाळके कोण होते, हे समजून घ्यायचे असेल तर ‘चित्रपट कसे तयार करतात’ या १९१७ च्या लघुपटाचा वाचलेला तुकडा पाहावा. त्यात ते नटांना काम समजावताना दिसतात आणि स्वतः फिल्म हाताळतानाही दिसतात. देशात ही विद्या मोजक्यांनाच अवगत असताना त्यांनी ती लपवून न ठेवता पडद्यावर मांडली. पॉलिसी, दागिने आणि डोळे गहाण टाकून जे कमावले होते, ते त्यांनी तिकीट काढून येणाऱ्या प्रत्येकाला उघड करून दाखवले.