परत पाठवणार होते, त्यानेच विजेचं गणित सोपं केलं!

चार्जर लावता त्या सॉकेटमध्ये एसी वीज असते. इंजिनिअरिंगला तिची गणितं ‘जे’ वापरून सोडवताना मी जाम वैतागायचो. ही पद्धत रूढ केली चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी.

त्यांचा जन्म १८६५चा, ब्रेस्लाऊचा; ते शहर आज पोलंडमध्ये आहे. समाजवादी चळवळीत असल्यामुळे अटक होणार हे दिसताच १८८८मध्ये त्यांनी जर्मनी सोडली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला उतरले. पाठीला कुबड, खिसा रिकामा, इंग्रजी जेमतेम. अधिकारी परतच पाठवणार होते, पण सोबतच्या मित्राने हमी दिली आणि प्रवेश मिळाला.

मग ‘कार्ल’चे ‘चार्ल्स’ झाले, अमेरिकन नागरिकत्व घेतलं, जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम केलं. विचार मात्र सोडले नाहीत. स्केनेक्टडी शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९२२मध्ये, वारण्याच्या आदल्या वर्षी, समाजवादी पक्षातर्फे निवडणूकही लढवली.

ऑनसाइटला जाताना व्हिसाच्या रांगेत मला तेच आठवले. नवा देश आपला मानायला नाव बदललं तरी चालतं, पण डोक्यातले विचार पुसावे लागत नाहीत. आणि कोण कामाचा, हे रांगेत नुसतं बघून कळत नाही.