रामा राघोबा राणे

मेजर रामा राघोबा राणे (२६ जून, १९१८ – ११ जुलै, १९९४) हे परमवीरचक्राने सन्मानित भारतीय सेनाधिकारी होते. कारवारजवळील चेंडिया हे त्यांचे गाव. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले.

एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले. हल्लेखोरांच्या तावडीत सापडलेल्या तेथील नागरिकांसाठी प्रत्येक दिवस मोलाचा होता. मोगलांच्या जुन्या काश्मीर मार्गावरील ही डोंगराळ वाट शत्रूने सुरुंग पेरून व झाडे आडवी पाडून बंद केली होती. ८ एप्रिलला उखळी तोफांच्या माऱ्यात राणे यांचे दोन जवान ठार, तर स्वतः राण्यांसह पाच जण जखमी झाले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. रणगाड्याखाली सरपटत, चालकाला दोरीने खुणा करत ते सुरुंगांतून वाट काढीत राहिले. ११ तारखेला चिंगस गाठले. त्या दिवशी ते सलग १७ तास राबले आणि दुसऱ्या दिवशी सैन्य राजौरीत पोहोचले. परमवीरचक्र मिळाले ते शत्रूवर चाल करून जाण्यासाठी नव्हे, तर रस्ता मोकळा करण्यासाठी, हे राण्यांचे वेगळेपण होय.

१९६८ मध्ये ते निवृत्त झाले. पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे.