टपोऱ्या डोळ्यांच्या बाळांचे डॉक्टर : ऑटो बार्कन

घरात टपोऱ्या डोळ्यांचे बाळ जन्मले की आजी दृष्ट काढते आणि आपण सारे त्या डोळ्यांचे कौतुक करतो. बहुतेक वेळा त्यात काही काळजीचे नसते. पण क्वचित त्या टपोरेपणामागे जन्मजात काचबिंदू दडलेला असतो. अशा बाळांची दृष्टी राखण्याची वाट ज्यांनी दाखवली, त्या डॉ. ऑटो बार्कन यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

बार्कन यांचा जन्म १८८७ सालचा. वडील अ‍ॅडॉल्फ आणि भाऊ हान्स हेही डोळ्यांचेच डॉक्टर. ऑटो यांनी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे काम केले.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातून झिरपून जाते. काही बाळांत हा कोन गर्भातच नीट घडत नाही. मग पाणी तुंबते, दाब वाढतो, कोवळा डोळा ताणून मोठा होतो आणि दृष्टीची नस हळूहळू सुकते. त्या काळी अशी पुष्कळ मुले आंधळी होत.

१८९३ साली नेपल्सच्या कार्लो दे व्हिन्सेंतीस यांनी हा कोन छेदून पाहिला होता. पण तो दिसत नसल्याने हात अंदाजाने चालवावा लागे. ती रीत मागे पडली. बार्कन यांनी डोळ्यावर खास भिंग ठेवून, कोन प्रत्यक्ष पाहत, बारीक सुरीने छेद देण्याची रीत बसवली. १९३६ साली त्यांनी ती मोठ्या माणसांसाठी मांडली आणि १९४२ साली जन्मजात काचबिंदूवरचा लेख प्रसिद्ध केला. पाण्याची वाट एक पातळ पडदा अडवतो, असे त्यांचे मत होते. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तसा पडदा सापडला नाही, पण शस्त्रक्रियेचा गुण मात्र खरा ठरला.

१९५८ साली बार्कन वारले. त्यांची गोनिओटॉमी आजही करतात. सर्वच बाळांना तिचा सारखा गुण येत नाही. डोळ्यातला रंगीत पडदा जन्मतः नसणे, किंवा अ‍ॅक्सेनफेल्ड-रीगर हा दोष असणे, अशा दुर्मीळ विकारांत इलाज अधिक कठीण असतो आणि तपासणी जन्मभर करावी लागते.

म्हणून वाचकांना आमची एवढीच विनंती. बाळाच्या डोळ्यांतून सारखे पाणी येत असेल, उजेडात ते डोळे घट्ट मिटत असेल, बुबुळ धुरकट किंवा फार मोठे दिसत असेल, तर काजळ घालून वाट पाहू नये. दृष्ट खुशाल काढावी, पण बाळाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच न्यावे.